छोट्या कौटुंबिक बोट-कारखान्यांचा काळ: डीप-व्ही हल, साच्यांच्या नकला आणि ऑफशोअर शर्यती

जुना_हल (धागाकर्ता)

१९६० ते १९८० या काळातल्या ऑफशोअर पॉवरबोट शर्यतींच्या विजेत्यांची यादी चाळली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. मायामी-नासाउ असो, इंग्लंडमधली काउझ-टॉर्की असो की इटलीतली व्हियारेज्जो-बास्तिया-व्हियारेज्जो, वरची नावं बहुतेक छोट्या कारखान्यांची. एखादं कुटुंब किंवा दोघे-तिघे भागीदार, मोजके साचे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कारागीर. ढीगभर बोटी काढणाऱ्या कंपन्या त्या यादीत शोधाव्या लागतात.

डीप-व्ही हल, म्हणजे शेवटपर्यंत खोल व्ही आकाराचा तळ असलेलं बोटीचं अंग, मोठ्या कंपन्यांच्या ड्रॉइंग ऑफिसातून का आला नाही? ही छोटी मंडळी फायबरग्लासचा हल प्रत्यक्षात कसा घालत, म्हणजे थर किती, रेझिन किती, चुकायचं काय? आणि एकाच हलच्या चार नावांच्या बोटी बाजारात आल्या त्या कशा? जुना २४-२५ फुटी हल समोर आला तर तो मूळ साच्यातला की नकलेचा, हे मोजून सांगता येतं का? व्याख्या नकोत, आकडे द्या.

नाळेवरचा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९६० च्या मायामी-नासाउ शर्यतीत आहे. ही शर्यत १९५६ साली सुरू झाली तेव्हा वेगवान बोटींचे तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असत. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, चांगला व्ही, पण ट्रान्समकडे, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीकडे, येता येता तो उलगडत जायचा. शांत पाण्यात हे झकास चालतं, कमी अश्वशक्तीत बोट वर येते. पण लाटेवरून उडून खाली आली की तो सपाट भाग एकदम पाण्यावर बसतो. मग धक्का तळाला, इंजिनाच्या पायांना आणि माणसांच्या गुडघ्यांना सारखाच.

बोटींचे आराखडे करणाऱ्या रे हंट यांनी व्ही शेवटपर्यंत तसाच नेला. ट्रान्समपाशी २४ अंशांच्या आसपास डेडराइज (तळ आडव्या रेषेपासून किती वर चढतो तो कोन), आणि तळावर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या त्रिकोणी पट्ट्या, म्हणजे स्ट्रेक. लोक फक्त व्हीबद्दल बोलतात, खरी मेख स्ट्रेकमध्ये आहे. नुसता खोल व्ही असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी वर चढतं, ओला भाग वाढतो आणि वेग मरतो. स्ट्रेक ते पाणी तोडून खाली फेकतात आणि थोडा उचलही देतात. वेग वाढत जाईल तशी बोट आतल्या पट्ट्यांवर चढते आणि पाण्याला टेकलेली रुंदी आपोआप कमी होते.

डिक बर्ट्रम यांनी असा हल १९५८ मध्ये न्यूपोर्टला, अमेरिकाज कपच्या वेळी, लाटांत धावताना पाहिला आणि स्वतःसाठी लाकडी 'मॉपी' बांधून घेतली. १९६० ची शर्यत खवळलेल्या समुद्रात झाली, मॉपीने ती सुमारे आठ तासांत मारली. दुसरी आली जिम विन यांची २३ फुटी बोट, तीही हंट यांच्याच आराखड्याची. बाकीच्या दुसऱ्या दिवशी पोचल्या. पुढे मॉपीवरूनच फायबरग्लासची बर्ट्रम ३१ निघाली.

आता मोठ्या कंपन्यांचं. डीप-व्ही धक्क्याला बांधलेली असताना डुलते, कमी वेगात नाळ वर करून पाणी ढकलते आणि तेवढ्याच वेगासाठी जास्त इंजिन मागते. शोरूममध्ये हे तिन्ही तोटे दिसतात, फायदा मात्र चार फुटी लाटेत गेल्यावरच कळतो. ज्या कंपनीचं गिऱ्हाईक तळ्यात फिरणारं आहे, तिने हात का घालावा? छोट्याला मात्र शर्यत हीच चाचणी आणि तीच जाहिरात. रविवारी काय तुटलं ते सोमवारी मालकाच्याच हातात असे आणि पुढच्या हलमध्ये ते बदललेलं असे. (क्रिस-क्राफ्टही मुळात अल्गोनॅकच्या स्मिथ कुटुंबाचीच. त्यांनी ती १९६० मध्येच विकली, हा योगायोग.)

दुसरी गोष्ट स्टर्नड्राइव्हची: इंजिन बोटीच्या आत आणि पंखा (प्रोपेलर) फिरवणारा ड्राइव्ह ट्रान्समच्या बाहेर. जिम विन यांची ही कल्पना व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये 'अ‍ॅक्वामॅटिक' नावाने बाजारात आणली. त्याआधी इंजिन बसवायचं म्हणजे शाफ्टचा कोन काढा, तळाला भोक पाडा, स्ट्रट, स्टफिंग बॉक्स, सुकाणू, मग सगळं एका रेषेत आणा. हे अनुभवी मिस्त्रीचं काम. स्टर्नड्राइव्ह आल्यावर ट्रान्समला ठरलेल्या मापाचं एक भोक पाडलं की भागलं. मोटारीचा व्ही-८ ब्लॉक, विकतचा ड्राइव्ह आणि आपला साचा एवढ्यावर कारखाना उभा राहू लागला.

डॉन अ‍ॅरोनॉ यांनी हे गणित सगळ्यांत लवकर ओळखलं. १९६२ मध्ये फॉर्म्युला, १९६४ मध्ये डॉन्झी, १९६६ मध्ये मॅग्नम, त्यानंतर सिगारेट, असे एकामागून एक बोटींचे कारखाने. सगळं उत्तर मायामीतल्या एन. ई. १८८ व्या रस्त्यावर, एकमेकांना लागून. कारखाना काढायचा, त्याच बोटीने शर्यत जिंकायची, नाव झालं की विकायचा, पुन्हा शेजारी नवा. १९६७ आणि १९६९ चं जागतिक विजेतेपद त्यांचंच. विकलेल्यांपैकी फॉर्म्युला १९७६ मध्ये पोर्टर कुटुंबाकडे गेली, इंडियानातल्या डेकेटरमध्ये. समुद्र तिथून शेकडो मैल लांब.

रेझिनवाला

थरांचं सांगतो. त्या काळातल्या २४ फुटी, भरीव फायबरग्लास तळाच्या (म्हणजे मध्ये कोअर नसलेल्या) हलचा एक नमुनेदार हिशेब असा.

आधी साच्याला मेण. नवा साचा असेल तर ५ ते ८ हात, प्रत्येक हातानंतर वाळू द्यायचा आणि घासून चकाकी आणायची. पहिल्या एक-दोन हलना वरून पीव्हीएची फिल्म, म्हणजे हल सुटावा म्हणून पातळ पडदा. इथे कंटाळा केला की हल साच्याला चिकटतो आणि दोन्हींचं वाटोळं होतं.

मग जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रंगीत रेझिनचा थर, ओला असताना ०.५ मिमीच्या आसपास. ०.३ च्या खाली गेला तर तो नीट पिकत नाही, वरच्या थरातलं स्टायरिन त्यात शिरतं आणि पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा सुरकुततो. ०.८ च्या वर गेला तर पहिल्याच हंगामात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा.

त्यावर चौरस मीटरला ३०० ग्रॅमची चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई), एकटीच. पुढची घाई करायची नाही, हवेचे बुडबुडे रोलरने काढत बसायचं, कारण जेलकोटमागे राहिलेली प्रत्येक पोकळी पुढे फुटते. ती पिकली की ४५० ग्रॅम मॅट, आणि त्यानंतर ८०० ग्रॅम वोव्हन रोव्हिंग (विणलेलं जाड काचकापड) व ४५० मॅट यांच्या पाच जोड्या. मॅटला वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं, रोव्हिंगला साधारण त्याच्या वजनाइतकं. म्हणजे एका चौरस मीटरला मॅट ३ किलो, तिचं रेझिन साडेसात किलो. रोव्हिंग ४ किलो, तिचं रेझिन ४ किलो. एकूण साडेअठरा किलो आणि जाडी १२ मिमीच्या घरात. बाजूंना याच्या निम्मं-पाऊण पुरे.

हार्डनर, म्हणजे एमईकेपी, रेझिनच्या १ ते २ टक्के. तापमान १८ ते २५ अंश. कोबाल्ट प्रवेगक रेझिनमध्ये आधीच मिसळलेला असावा. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत, भडका उडतो. एका बैठकीत तीन-चार थरांच्या वर जायचं नाही, नाहीतर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि लॅमिनेट तपकिरी पडून तडकतं. पुढची बैठक २४ तासांच्या आत, तोवर पृष्ठभाग किंचित चिकट असतो आणि नवा थर रासायनिकरीत्या धरतो. उशीर झाला तर ३६-४० नंबरच्या पेपरने खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता खरी मेख. हल साच्यात असतानाच स्ट्रिंगर (तळावरच्या लांब आधार-पट्ट्या) आणि बल्कहेड (आडव्या भिंती) बसवायचे. पैशाची ओढाताण असलेल्या कारखान्याकडे साचा एकच, ऑर्डरी तीन. मग हल लवकर उपसला जातो आणि जमिनीवर आडव्या लाकडांवर ठेवून आतलं काम होतं. हिरवा, म्हणजे पुरता न पिकलेला, हल तेवढ्यात खचतो. ट्रान्समपासून पुढच्या आठ फुटांत तळ आत वळला तर त्याला हुक म्हणतात, बाहेर फुगला तर रॉकर. हुक असलेली बोट नाळ खाली दाबते आणि वेग मिळत नाही. रॉकर असलेली बोट वेगात बेडकासारखी उड्या मारते, म्हणजे पॉर्पोइझिंग. बोटीत दोष नाही असं समजून लोक इंजिन बदलतात, पंखे बदलतात, आणि तळाला सरळ पट्टी लावून कोणी पाहत नाही.

स्ट्रिंगर हलवर थेट बसवू नयेत. खाली ८-१० मिमी फोमची पट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी गोलाई द्यायची आणि मग ग्लासच्या पट्ट्या, पहिली तळावर ७५ मिमी उतरलेली, पुढची १००, पुढची १२५. प्लायची कड थेट तळाला टेकली की तिथे हार्ड स्पॉट तयार होतो. प्रत्येक आपटीला तळ थोडा लवतो, त्या रेषेवर मात्र लवू शकत नाही. बाहेरून जेलकोटवर स्ट्रिंगरच्या रेषेत केसासारखी चीर दिसली की समजावं.

लाकडी_सांधा

रेझिनवाल्यांचा हिशेब बरोबर आहे, पण एक दुरुस्ती. फायबरग्लासने धंदा चालवला. शर्यती मात्र बराच काळ लाकडाने जिंकल्या. कारण साधं आहे. साचा करायचा तर आधी पूर्ण आकाराचा प्लग, म्हणजे बोटीचा नमुना, मग साचा, मग बोट. एकच बोट हवी असेल आणि पुढच्या वर्षी आकार बदलायचा असेल तर हा खर्च वेडेपणाचा. कोल्ड-मोल्डेड लाकडात, म्हणजे पातळ थर उष्णतेशिवाय एकमेकांवर चिकटवून, चौकटींवर थेट हल चढतो.

आराखडेकार सॉनी लेव्ही यांचं नाव यायलाच हवं. जन्म १९२६, कराची. वडिलांच्या मुंबईतल्या 'आफ्को' या कारखान्यात त्यांनी बोटी आखायला सुरुवात केली, मग इटलीत अँझिओला गेले. काउझ-टॉर्की शर्यत १९६१ मध्ये सुरू झाली आणि १९६३ ची त्यांच्या आराखड्याच्या 'आ स्पेरांझिएला'ने जिंकली. १९६७ ची गार्डनर बंधूंच्या 'सर्फ्युरी'ने. तीही लेव्ही यांचीच, काउझच्या साउटर यार्डात कोल्ड-मोल्ड केलेली. हॅम्बलची फेअरी मरीन मात्र हॉट-मोल्डिंग करायची: साच्यावर अग्बा लाकडाचे पातळ थर, गोंद, वर रबरी पिशवी लावून हवा काढायची आणि सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब आणि उष्णतेच्या बंद टाकीत. विमानाच्या कामातून आलेलं तंत्र. त्यांची २३ फुटी हंट्रेस हंट यांच्या हलवरचीच.

कोल्ड-मोल्डिंगचा हिशेब: २.५ ते ३ मिमीचे व्हिनिअर, तीन ते पाच थर. पहिला ४५ अंशात एका दिशेने, दुसरा त्याला काटकोनात, शेवटचा बहुधा लांबीच्या दिशेने. पट्ट्या ७५ ते १५० मिमी रुंद. तळाचा पीळ जिथे जास्त तिथे अरुंद. प्रत्येक पट्टीची कड शेजारच्या पट्टीला रंध्याने जुळवावी लागते. वेळ खाणारं काम हेच, गोंद लावणं नव्हे. स्टेपल पातळ फितीवरून मारायच्या म्हणजे ओढून काढता येतात.

त्या काळी गोंद रिसॉर्सिनॉल. तो पाण्याला दाद देत नाही, पण फट भरून काढत नाही. सांधा घट्ट बसलेला हवा, दाब भरपूर हवा, आणि गोंद पक्का होईपर्यंत तापमान २० अंशांच्या खाली जाता कामा नये. थंडीत, शेड न तापवता चिकटवलेले हल वर्षानुवर्षं ठीक दिसतात, मग एखाद्या आपटीत आतले थर सुटतात. तपासायचं तर नाण्याने टकटक करत जा. घट्ट लाकूड टणक वाजतं, सुटलेलं बद्द. नंतरच्या इपॉक्सीने फटीची ही अडचण मिटवली.

आणि सगळ्या विजेत्या बोटी मोठ्या इंजिनांच्या होत्या असंही नाही. १९६९ च्या ब्रिटनप्रदक्षिणा शर्यतीत टिमो मॅकिनेनची 'अ‍ॅव्हेंजर टू' पहिली आली, ती आउटबोर्डवर. लांबच्या शर्यतीत न तुटणं हाच वेग.

जुना_हल

सगळ्यांचे आभार. नकलेचा मुद्दा राहिला. स्प्लॅश केलेला, म्हणजे दुसऱ्याच्या बोटीवरून साचा काढून घातलेला, हल कसा ओळखायचा?

नाळेवरचा

आधी ही नक्कल इतकी सोपी का झाली ते. हंट यांना डीप-व्हीचं पेटंट मिळालं नाही. अमेरिकी कायद्यानुसार आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि त्या हलचं छायाचित्र आधीच छापून आलं होतं. म्हणजे आकार सर्वांना मोकळा. त्यात फायबरग्लासची गंमत अशी की कोणाचीही बोट विकत आणा, मेण लावा, उलटी करा आणि तिच्यावरच साचा घाला. प्लगचा सगळा खर्च वाचला. आयत्या बिळावर नागोबा.

फ्लोरिडाने १९८३ मध्ये याविरुद्ध राज्याचा कायदा केला. बोनिटो बोट्स या तिथल्या उत्पादकाने टेनेसीच्या थंडर क्राफ्टवर खटला भरला. बोनिटोचा हल १९७६ चा, पेटंट नसलेला. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडाचा कायदाच रद्दबातल ठरवला: ज्याला पेटंट नाही त्याला राज्य मागच्या दाराने पेटंटसारखं संरक्षण देऊ शकत नाही. हलच्या आकाराला संघराज्याचा कायदा १९९८ मध्ये आला. बोट लोकांसमोर आल्यापासून दोन वर्षांत नोंदणी केली तर १० वर्षं संरक्षण. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या काळात छोट्या कारखान्याची एकमेव खरी मालमत्ता साचा होती, आणि ती कोणीही ट्रेलरवर घालून घेऊन जाऊ शकत होतं.

ओळख पटवायची तर आधी कागद: १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत बांधलेल्या बोटींना १२ अक्षरांचा हल क्रमांक सक्तीचा आहे. ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर बघा. पहिली तीन अक्षरं उत्पादकाची. ऑगस्ट १९८४ पासून तोच क्रमांक दुसऱ्या, लपलेल्या जागीही असतो. त्याआधीच्या बोटींना मोजपट्टीच. पण लक्षात ठेवा, साचे विकलेही जात. कारखाना बंद पडला की साचे दुसऱ्याने कायदेशीर विकत घ्यायचे. वेगळं नाव म्हणजे चोरीच, असा निष्कर्ष काढू नका.

रेझिनवाला

मोजायचं असं.

बोट डावी-उजवी समतल करा, ट्रान्समवर पाणसळ ठेवून. कण्यापासून (तळाच्या मधल्या रेषेपासून) बाहेरच्या बाजूला आडवं ९०० मिमी मोजा आणि तिथे तळ किती वर गेला ते बघा. ४०० मिमी आलं तर २४ अंश, ३६४ आलं तर २२, ३१० आलं तर १९. स्ट्रेकवर नाही, दोन स्ट्रेकच्या मधल्या सपाट भागावर मोजा. दोन्ही बाजूंना करा. चांगल्या प्लगवरच्या हलमध्ये डावं-उजवं ३ मिमीच्या आत जुळतं.

मग स्ट्रेकच्या आणि चाईनच्या (तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथल्या) कडा. रेझिन पिकताना आकसतं आणि कोपऱ्यात ग्लास नीट बसत नाही, म्हणून नकलेच्या प्रत्येक पिढीत कड बोथट होते. मूळ हलची खालची कड नखाला लागते. नकलेची गोल असते, कित्येकदा आत नुसतं पुट्टीचं भरण. हे फक्त दिसण्याचं नाही. बोथट कडेवरून पाणी सुटत नाही, वळून वर चढतं. तोच हल, तेच इंजिन, तरी वेग कमी आणि तोंडावर फवारा जास्त.

स्ट्रेक मागे कुठे संपतात तेही पाहा. नक्कल करणारे साच्यात आडवी भिंत घालून बोट फूटभर आखूड किंवा लांब करत. मग स्ट्रेकचा शेवट ट्रान्समशी विचित्र अंतरावर येतो, किंवा पट्टी मध्येच कापल्यासारखी दिसते.

सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे ट्रेलरचा ठसा. ज्या बोटीवरून साचा घेतला ती वर्षानुवर्षं ट्रेलरच्या रोलरवर बसलेली असेल, तर तिचा तळ तिथे दबलेला असतो. तो दबा साच्यात आला आणि पुढच्या प्रत्येक हलमध्ये उतरला. २.४ मीटरची सरळ पट्टी ट्रान्समपासून पुढे, कण्याला समांतर, कणा आणि चाईनच्या मध्यावर धरा. मध्ये फट दिसली तर हुक, पट्टी डुलली तर रॉकर. ३ मिमीच्या वर फट असेल तर ताशी ४० मैलांच्या पुढे फरक जाणवतो. एकाच नावाच्या दोन बोटींत त्याच जागी तेवढीच फट मिळाली, तर ती साच्यातूनच आली आहे.

पंखा_आणि_पिच

शर्यतीत तुटायचं काय, याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हल क्वचित. बहुतेक वेळा ड्राइव्ह.

बोट लाटेवरून उडाली की पंखा हवेत फिरतो, भार गेल्यामुळे इंजिनचे फेरे एकदम वाढतात. खाली पाण्यात शिरला की तो क्षणात अडतो आणि इंजिनची सगळी जडत्वशक्ती ड्राइव्हच्या उभ्या शाफ्टवर, युनिव्हर्सल जॉइंटवर आणि बेव्हल गिअरच्या दातांवर येते. म्हणून सुकाणूवर एक माणूस आणि थ्रॉटलवर दुसरा, ही विभागणी आली. थ्रॉटलवाल्याचं काम बोट पाणी सोडते त्या क्षणी गॅस काढणं आणि पंखा पाण्याला लागायच्या किंचित *आधी* परत देणं. उशिरा दिला तर नाळ खाली पडते, फार आधी दिला तर गिअर जातो.

दुसरं, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पुरवठा. फेसाळलेल्या पाण्यात आणि उड्यांत पंप हवा ओढतो. तापमान चढल्याचं काट्यावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून पाण्याच्या दाबाचा काटा वेगळा हवा. तिसरं, इंधनाची टाकी. आत आडव्या भिंती नसल्या तर अर्ध्या टाकीतलं पेट्रोल प्रत्येक आपटीला घणासारखं आदळतं आणि सांधे उघडतात.

पंख्याचा हिशेब सगळ्यांना उपयोगी: इंजिनचे मिनिटाला फेरे गुणिले पिच (पंखा एका फेऱ्यात सरळ किती पुढे जाईल ते अंतर) इंचांत, भागिले गिअरचं प्रमाण, भागिले १०५६. उत्तर ताशी मैलांत. ५००० फेरे, २१ इंच पिच, १.५ गिअर म्हणजे ६६.३ मैल. प्रत्यक्षात ५९ मिळत असेल तर स्लिप, म्हणजे हिशेबापेक्षा कमी पडलेला वेग, ११ टक्के, डीप-व्हीला ठीक. २० च्या वर गेली तर आधी तळ बघा, मग पंखा. लोक उलटं करतात.

पुढचा इतिहास थोडक्यात: ७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या कूगर मरीनच्या कॅटमरान आल्या आणि शांत पाण्यात व्ही-तळाला मागे टाकू लागल्या. खवळलेल्या समुद्रात व्ही टिकून राहिला.

जुना_हल

ट्रान्सममधलं प्लाय कुजलंय की नाही हे ड्राइव्ह न काढता कळेल का? आणि हुक डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा निघाला तर काय?

रेझिनवाला

ट्रान्समचं बऱ्यापैकी कळतं. ड्राइव्ह वर उचलून मागच्या टोकाला पाय देऊन दाबा, दुसऱ्याने ट्रान्समची कड पाहायची. कड हलली तर गेला. मग प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा, ड्राइव्हच्या भोकाखाली आणि निचऱ्याच्या भोकाभोवती विशेष. शंका राहिली तर आतून, खालच्या बाजूला ६ मिमीची दोन भोकं प्लायपर्यंत पाडा, बाहेरच्या कातडीला धक्का न लावता. भुसा कोरडा आणि फिकट आला तर ठीक. काळा, ओला, आंबूस वासाचा आला तर प्लाय बदलणं आलं. भोकं इपॉक्सीने बुजवा.

पाणी शिरतं कुठून? ड्राइव्हच्या भोकाची कापलेली कड उघडी ठेवलेली असते तिथून, ट्रिम टॅबच्या (ट्रान्समखाली बसवलेल्या, बोटीचा कल बदलणाऱ्या पट्ट्यांच्या) स्क्रूंतून, आणि स्ट्रिंगरमधल्या निचऱ्याच्या भोकांतून. त्या भोकांत नळी घालून सील करायला दहा मिनिटं लागतात, पण त्या काळात फार कमी कारखान्यांनी केलं. नवा प्लाय बसवताना मर्क्रूझर कंपनीच्या ड्राइव्हला जाडी ५१ ते ५७ मिमीच हवी आणि आतला-बाहेरचा पृष्ठभाग ३ मिमीच्या आत समांतर. जुनी कड १२:१ उतार देऊन घासा, प्लायच्या सगळ्या बाजू आधी इपॉक्सीने पाजा, शिकंज्यांनी दाबा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरते. इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाचं नाही, म्हणून एकदा इपॉक्सी सुरू केली की शेवटपर्यंत तीच.

हुक एका बाजूला जास्त असेल तर बोट वेगात त्याच्या विरुद्ध बाजूला झुकते, कारण आत वळलेला भाग ती बाजू जास्त उचलतो. वजन हलवून किंवा टॅबने तात्पुरतं झाकता येतं. कायमचं करायचं तर बोट उलटी करा, जेलकोट उतरवा, खोलगट भाग ३०० ग्रॅम बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांच्या तंतूंचं) काचकापड आणि इपॉक्सीने भरा, वरचे शेवटचे एक-दोन मिमी फक्त पुट्टी. नुसती पुट्टी भरली तर पहिल्या लाटेत सुटेल. लांब बोर्डाने घासताना पट्टी लांबीच्या दिशेनेच धरा आणि ट्रान्समची शेवटची कड धारदार ठेवा, गोल केलीत तर सगळी मेहनत पाण्यात. आणि हे करण्याआधी आतून स्ट्रिंगर सुटलेले नाहीत ना ते ठोकून पाहा, कारण हुक बऱ्याचदा तिथूनच सुरू झालेला असतो.